देवबागची पुळण

मालवणास जाऊन सिंधुदुर्ग न पाहतां परतणारा प्रवासी विरळा. शिवछत्रपतींनीं सन १६६४ मध्यें ज्या खडकाळ बेटावर कोटाची पायाभरणी केली, तें बेट साडेतीनशें वर्षांनंतरही जागच्या जागीं उभें आहे. परंतु त्याच मालवणच्या दक्षिणेस तीनचार कोसांवर एक अशी भूमि आहे कीं, तिच्यावर चालतांना खडकाचा एक तुकडाही पायास लागत नाहीं. माड आहेत, घरें आहेत, देवळें आहेत, शाळा आहे, परंतु हें सर्व वाळूवर. त्या गांवाचें नांव देवबाग. गेल्या कार्तिकांत आम्ही तेथें दोन दिवस राहिलों, त्या मुक्कामाची ही हकीकत.

जाण्यास निमित्त झालें तें एका जुन्या विद्यार्थ्याच्या निरोपाचें. तो मूळचा देवबागचा, दर्यावर्दी घरांतला. त्याच्या वाडवडिलांचें घर समुद्राच्या बाजूस असून गेल्या पावसाळ्यांत त्याची पुढची पडवी लाटांनीं खचली. "गुरुजी, घर येथेंच पुन्हा बांधावें, आंत सरकावें, कीं जागा विकून मालवणांत बिऱ्हाड करावें, हें ठरत नाहीं. आई ऐकत नाहीं. तुम्ही भूगोल शिकविलात, एकदां येऊन पाहा," असा त्याचा निरोप होता. आम्हीं तीस वर्षें मुलांना संस्कृत व भूगोल शिकविला. पण भूगोलाच्या आधारें कोणाचें घर ठेवावें कीं मोडावें हें सांगण्याचा प्रसंग पूर्वी कधीं आला नव्हता.

मालवणाहून मोटार दक्षिणेकडे निघाली म्हणजे तारकर्लीपर्यंत विशेष कांहीं वाटत नाहीं. पुढें मात्र मौज आहे. उजव्या हातास माडांच्या फटींतून समुद्र दिसतो आणि डाव्या हातासही माडांच्या फटींतून पाणीच दिसतें. हें डावीकडचें पाणी कर्ली नदीचें. ही नदी सह्याद्रींत उगम पावून पश्चिमेस येते. समुद्र हाकेच्या अंतरावर आला असतां तिनें सरळ त्यास मिळावें, अशी आपली अपेक्षा. पण तारकर्लीजवळ ती डावीकडे वळते, सुमारे तीन मैल समुद्राला समांतर अशी दक्षिणेस वाहते आणि देवबागच्या टोकाशीं त्यास मिळते. पलीकडच्या तीरावर वेंगुर्लें तालुक्यांतील भोगव्याचा डोंगर उभा आहे. नदी आणि समुद्र यांच्यामध्यें ही जी लांबट पट्टी उरली, तेंच देवबाग. कांहीं ठिकाणीं ती इतकी अरुंद आहे कीं, पुढच्या अंगणांत समुद्राची गाज ऐकूं येते आणि मागच्या अंगणांत खाडींतली होडी बांधलेली असते.

शाळेच्या पुस्तकांत या रचनेस वाळूचा दांडा म्हणतात. कोंकणांत वालुकामय किनाऱ्यास पुळण हा शब्द आहे आणि तो संस्कृत पुलिन शब्दापासून आला आहे. अमरकोशांत पाण्यांतून वर आलेल्या भूमीस पुलिन म्हटलें असून तें वाळूचें असल्यास त्यास सैकत असें नांव दिलें आहे. म्हणजे ही भूमि मूळची नव्हे, पाण्यांतून उठलेली आहे, हें कोशकारानेंही ध्यानांत ठेविलें होतें. आम्हांस मात्र त्याचें विस्मरण झालें होतें.

याच विद्यार्थ्याची एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. तो आठवींत असतां परीक्षेंत तालुक्याचा नकाशा काढावयास होता. त्यानें सर्व किनारा अखंड रेषेनें काढून देवबागचें टोक तेवढें ठिपक्याठिपक्यांनीं दाखविलें. आम्हीं त्यावर तांबड्या शाईनें फुली मारून "रेषा अखंड काढावी" असा शेरा लिहिला. तो उभा राहून म्हणाला, "गुरुजी, तां दर वर्साक हलता." त्यावर "जमीन भूकंपांतच काय ती हलते" असें सांगून आम्हीं साऱ्या वर्गास हसविलें. स्वारी खालीं बसली. आम्ही ती गोष्ट विसरलों. तो विसरला नव्हता.

दुसरे दिवशीं त्रिपुरी पौर्णिमा होती. पौर्णिमेस आपल्या किनाऱ्यावर माध्यान्हाच्या सुमारास भरती पूर्ण होते व सूर्योदयाच्या सुमारास ओहोटी लागलेली असते. म्हणून पहाटेसच आम्ही टोकाकडे निघालों. टोकाशीं पोंचल्यावर शिष्योत्तमानें नारळाचें एक सोडण पाण्यांत टाकलें आणि म्हणाला, "याच्याबरोबर चाला." लाट आली कीं सोडण तिरपें वर चढे, लाट परतली कीं उतारानें सरळ खालीं येई. पुन्हा तिरपें वर, पुन्हा सरळ खालीं. करवतीच्या दांत्यांसारखी वाट काढीत तें किनाऱ्याच्या कडेनें पुढें पुढें सरकत होतें आणि आम्ही त्याच्या मागोमाग चालत होतों.

वाळूचा कणही असाच प्रवास करतो. लाटा किनाऱ्यास क्वचितच काटकोनांत येतात. बहुधा तिरप्या येतात. एका लाटेसरशीं कण वीतभर सरकला असें धरलें, आणि आठ सेकंदांस एक लाट मानली, तर दिवसाला दहा हजारांहून अधिक लाटा होतात. लाटेची दिशा ऋतुमानाप्रमाणें बदलते, त्यामुळें वाळूही कधीं उत्तरेस तर कधीं दक्षिणेस जाते; परंतु वर्षाचा जमाखर्च मांडला तर एका दिशेचा ओघ अधिक भरतो. देवबागचा दांडा नदीला दक्षिणेकडे लोटीत गेला आहे, यावरूनच येथील ओघाचें तोंड कोणीकडे आहे तें कळतें. किनारा जेथें आंत वळतो, जसा नदीच्या मुखाशीं, तेथें वाळू मात्र सरळच पुढें जाऊं पाहते. पाणी खोल झाल्यानें वेग मंदावतो, वाळू खालीं बसते, आणि त्याच भरीवर पुढची वाळू येऊन पडते. रस्त्याचें काम करणारे जसे टाकलेल्या मातीवर उभे राहून पुढची माती टाकतात, तसाच हा प्रकार होय.

नदीचाही यांत वांटा आहे. पावसाळ्यांत ती सह्याद्रीवरून वाळू आणते. समुद्रास मिळतांच तिचा वेग मोडतो व भार खालीं पडतो. दांडा मुख बुजवूं पाहतो आणि पुराचें व ओहोटीचें पाणी तें मोकळें करूं पाहतें. या दोघांच्या रोजच्या ओढाताणींत मुखाची जागा ठरते. ती कायमची कधींच ठरत नाहीं. नकाशांतील तो ठिपका आमच्या विद्यार्थ्यानें कां काढला, हें आम्हांस त्या टोकावर उभें राहून कळलें. पायांखालची वाळू ओलसर, अजून न चेपलेली होती. "हें गेल्या वर्षीं नव्हतें," तो म्हणाला.

तेथून होडींत बसून मुखाच्या आंतल्या बाजूस असलेल्या एका वाळूच्या बेटावर गेलों. त्यास अलीकडे त्सुनामी बेट म्हणतात. ता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तें वर आलें अशी लोकांची समजूत आहे आणि तीवरून हें नांव पडलें. नांव कशानेंही पडो. त्या वाळूस तेथें राखतें तें रोजचें पाणी. भरतीचें पाणी अरुंद मुखांतून जोरानें आंत शिरतें आणि आंत पसरतांच मंदावतें. बरोबरची वाळू तेथें टाकतें. मुखाच्या आंत व बाहेर अशा वाळूच्या भरी होणें हा जगांतल्या सर्व मुखांचा धर्म आहे. बेटावर प्रवाशांची बरीच गर्दी होती. त्यांच्या पायांखालचें बेट पुढल्या वर्षीं याच आकाराचें राहील असें मानण्यास आधार नव्हता.

याशिवाय एक दांडा डोळ्यांस न दिसणारा असतो. मृगाच्या पावसाबरोबर समुद्र खवळला म्हणजे उंच, जवळजवळ येणाऱ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात. ती फार दूर जात नाहीं. लाटा जेथें फुटतात तेथें पाण्याखालीं तिचा लांबट ढीग होतो. पुढच्या लाटा त्या ढिगावरच फुटूं लागतात आणि किनाऱ्यावर येईपर्यंत त्यांचें बळ खर्ची पडतें. म्हणजे पुळण आपलाच ऐवज पुढें करून आपलें रक्षण करते! नारळीपौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू शांत होतो; मग लांब अंतरानें येणाऱ्या सौम्य लाटा तीच वाळू पुन्हा किनाऱ्यास आणून घालतात. कार्तिकांत पुळण भरूं लागते व फाल्गुनचैत्रांत ती पुरती रुंद होते. ज्येष्ठाआषाढांत खचलेली पुळण पाहून घाबरणारा आणि चैत्रांतली पाहून घर बांधणारा, दोघेही अर्धेंच वर्ष पाहतात.

असे दांडे व बेटें जगांत सर्वत्र आहेत. उघड्या समुद्रकिनाऱ्यांपैकीं सुमारे दहावा हिस्सा अशा वाळूच्या आडव्या बेटांनीं झांकलेला आहे. तीं कशीं होतात याविषयीं पंडितांत मोठा शास्त्रार्थ झाला. सन १८४५ मध्यें एली द बोमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें कीं, पाण्याखालचा वाळूचा ढीग वाढत वाढत वर येतो. सन १८८५ मध्यें अमेरिकेच्या गिल्बर्टनें सांगितलें कीं, वाळू किनाऱ्याच्या कडेनें येऊन दांडा वाढतो आणि वादळांत त्याची मान तुटली म्हणजे त्याचें बेट होतें. सन १८९० मध्यें मॅगीनें तिसरा पक्ष मांडला: समुद्राची पातळी वाढून मागची सखल जमीन बुडते व पुढची वाळूची वरंब तेवढी बेट होऊन राहते. आज तिन्ही पक्ष आपआपल्या ठिकाणीं खरे मानले जातात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीं समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खालीं होता. हिम वितळून तो चढत आला आणि सहासात हजार वर्षांपूर्वीं त्याची चढण मंदावली, तेव्हां कोठें आजच्या दांड्यांस बूड मिळालें. देवबाग गिल्बर्टच्या पक्षांतलें. तेव्हां त्याची मान अरुंद होणें ही चिंतेची गोष्ट आहे, हें सांगावयास नकोच.

दुपारीं घरीं परतलों तों भरती पुरती चढली होती. पडवीचीं जांभ्याचीं चिरें वाळूंत विखुरलेलीं होतीं. अंगणांतील तुळशीवृंदावनापासून पाण्याची कड पंधरावीस पावलांवर आली होती. वृंदावनाच्या पुढें मर्यादवेल पसरली होती. किती समर्पक नांव! तिचीं मुळें गांठोगांठीं वाळूंत उतरतात, वाऱ्यानें उडणारी वाळू पानांशीं अडते आणि हळूहळू वरंब उभी राहते. तिच्याच जोडीला रावणाच्या मिशा नांवाचें कांटेरी गवत, मागें केवडा, मग उंडी व माड, अशी ही फौज रांगेनें उभी असते. जेथें ही वेल काढून अंगण झाडून स्वच्छ केलें आहे, तेथें वाळूची वरंब उरलेली नाहीं.

घराच्या विहिरीचें पाणी प्यालों. दोहोंकडे खारें पाणी, आणि मध्यें हें गोड कसें? पावसाचें पाणी वाळूंत मुरतें आणि हलकें असल्यामुळें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून एक फूट वर असेल, तर खालीं सुमारे चाळीस फूट गोडें पाणी सांठूं शकतें, असा हिशोब आहे. परंतु दांडा जितका अरुंद, तितका हा सांठा उथळ. आणि पंप लावून फार उपसा केला तर खालचें खारें पाणी वर येतें. म्हणजे वाळू गेली कीं जमीन तर जातेच, पण तिच्याबरोबर पिण्याचें पाणीही जातें.

जेवणें झाल्यावर शिष्योत्तमानें एक वही आणून पुढें ठेविली. दर वर्षीं कार्तिकांत व वैशाखांत विहिरीच्या कठड्यापासून वेलीच्या कडेपर्यंत दोरी धरून तो अंतर मोजतो. वडिलांनीं घालून दिलेली ही रीत. कांहीं वर्षीं पुळण वाढलेली होती, कांहीं वर्षीं घटलेली. परंतु एकंदरींत वाढीपेक्षां घट अधिक दिसत होती. मे २०२१ मध्यें कोंकणकिनाऱ्यालगतून तौक्ते वादळ गेलें, त्या वर्षाच्या आंकड्याखालीं त्यानें दोन रेघा ओढल्या होत्या.

"दगडांचा बंधारा घातला तर?" त्यानें विचारलें. प्रश्न साधा नव्हता. बंधारा मागची जमीन धरून ठेवतो, हें खरें. पण लाट दगडावर आदळून मागें फिरते ती पुढची वाळू उकरून नेते. आणि जेथें बंधारा संपतो तेथील शेजाऱ्याची जमीन अधिक खचते. अमेरिकेंत गॅल्व्हेस्टन हें वाळूच्या बेटावरील शहर आहे. ता. ८ सप्टेंबर १९०० च्या वादळांत तेथें निदान सहा हजार माणसें मेलीं. १९०२ सालीं सतरा फूट उंचीची भिंत घालण्यास आरंभ झाला. त्या भिंतीनें शहर वांचलें, परंतु भिंतीपुढची पुळण नाहींशी झाली. त्याच देशांत हॅटरस भूशिरावर १८७० सालीं बांधलेलें सुमारे दोनशें फूट उंचीचें दीपगृह आहे. बांधलें तेव्हां समुद्र त्यापासून १५०० फूट दूर होता; पुढें तो अगदीं पायथ्याशीं आला. तेव्हां तेथील लोकांनीं १९९९ सालीं तें अख्खें दीपगृह रुळांवरून २९०० फूट आंत नेलें!

आपल्या देशांतही एक बोध घेण्यासारखें उदाहरण आहे. ओरिसांतील चिलका सरोवर एका लांबच लांब वाळूच्या दांड्यानें समुद्रापासून तोडलेलें आहे. हा तोच प्रांत, जेथें १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. तेथील वाळूचा ओघ मुख्यतः उत्तरेकडे. मुख सरकत सरकत दूर गेलें व गाळानें भरूं लागलें. खारें पाणी आंत येईना, मासळी घटली. शेवटीं ता. २३ सप्टेंबर २००० रोजीं दांडा कापून नवें मुख उघडण्यांत आलें आणि सरोवर सुधारलें. तथापि २००८ सालीं समुद्रानें आपण होऊन जवळच आणखी एक मुख पाडलें. मनुष्यानें केलेलें काम समुद्रानें मोडलें असें नव्हे. आपल्या कामांत त्यानें तेंही धरलें, इतकेंच.

हें सर्व ऐकून घेऊन विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे, गुरुजी, मी काय करूं?" आम्हीं थोडा वेळ घेतला. १९०१ पासून २०१८ पर्यंत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली आहे आणि चढणीचा वेग वाढतो आहे. सह्याद्रीवरून येणारी वाळू धरणांत अडते आणि खाडींतली वाळू घरें बांधण्यासाठीं उपसली जाते. दांड्याची आवक घटत आहे. अशा स्थितींत पूर्वीच्या जागीं पूर्वीसारखें पक्कें घर बांध, असें सांगणें म्हणजे त्याच्या मुलांवर संकट ढकलणें होय. आम्ही म्हणालों, "पुढची जागा विकूं नको आणि तिच्यावर बांधूंही नको. ती वेलीला दे. विकलीस तर घेणारा तेथें बंधारा घालील आणि शेजाऱ्याचें घर जाईल. रस्त्यालगत तुमची माडांची जागा आहे, तेथें उंच जोत्यावर लहानसें, हलकें घर बांध. वही चालू ठेव. ज्या वर्षीं वहींतला आंकडा सांगेल, त्या वर्षीं पुन्हा हलावें लागेल, हें मुलांना आतांपासूनच सांगून ठेव." उत्तर त्यास पुरतें समाधानाचें नव्हतें, आम्हांसही नव्हतें. पण खोटें समाधान देण्याइतके आम्ही आतां धीट राहिलों नाहीं.

म्हातारी आई दारांत बसून ऐकत होती. नवऱ्यानें चिरा चिरा वाहून बांधलेलें घर सोडावयाचें नाहीं, असा तिचा हट्ट. तिनें आम्हांस कांहीं विचारलें नाहीं. इतकेंच म्हणाली, "दर्यो वैरी न्हय, गुरुजी. आपली जागा मागूक येता." मग उठून तिनें नातवांस हांक मारली. तुळशीचें लग्न त्याच संध्याकाळीं होतें. वृंदावन जुनें, चिऱ्यांचें. तें हलण्यासारखें नव्हतें. तिनें त्यांतील तुळस मातीसकट काढविली, एका डब्यांत लावविली आणि रस्त्यालगतच्या माडाखालीं नेऊन ठेवविली. तेथेंच ऊंस बांधले, तेथेंच अंतरपाट धरला. मंगलाष्टकें आम्हींच म्हटलीं. मुलानें आमच्याकडे पाहिलें. बोलला मात्र नाहीं. घराचा निर्णय झाला होता.

दुसरे दिवशीं निघतांना आम्हीं त्याच्याकडून वहीचें एक कोरें पान मागून घेतलें आणि देवबागचें टोक ठिपक्याठिपक्यांनीं काढून खालीं "बरोबर" असा शेरा लिहून त्यास दिला. पस्तीस वर्षांनीं कां होईना, गुण देऊन टाकले. तो हंसला व त्यानें तें पान वहींत ठेविलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण सुट्टींत मुलांमाणसांसह तारकर्ली देवबागेस जातात. त्यांस एवढीच विनंति कीं, मर्यादवेल तुडवूं नये, वाळूवर गाड्या घालूं नयेत, आणि मुलांना एकच दिवस न दाखवितां भरती व ओहोटी दोन्ही दाखवावींत. मुलानें तेथील नकाशा काढल्यास तो शिसपेन्सिलीनें काढूं द्यावा.